बाबांचा खुबा मोडला, आता माझं काय?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

‘माझं वय ४६. इंदूरला लोकमान्यनगरात आमचं तीन पिढ्यांचं घर आहे. गेल्या दिवाळीनंतर बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा त्यांचं वय ६७. ऑपरेशन चांगलं झालं, आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन कायम नऊच्या आसपास असतं म्हणून लोहाच्याही, त्या तर कित्येक वर्षांपासून चालू आहेत. आजोबांचाही खुबाच मोडला होता, वयाच्या ८६व्या वर्षी. थोरले काका साठीतच पाठीत वाकले. त्यांना दमा होता, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडचं औषध घ्यायचे. माझं स्वतःचं मनगट तीन वर्षांपूर्वी रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी ओल्या रस्त्यावर पाय घसरून मोडलं. घरचे म्हणतात, गेरमध्ये कुणाचंही मोडेल. काकू म्हणतात, खाण तशी माती, तुमच्या घराण्यात पुरुषांची हाडंच कच्ची. ऑफिसातला मित्र म्हणतो, हाडं ठिसूळ होतात ती बायकांची. एक कंपनी घरी येऊन पंधरा हजारांत जनुकीय तपासणी करून देते. ती करून घेऊ का? मुलगा १७ वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो. त्याला थांबवू का? मी स्वतः जिममध्ये वजनं उचलतो, ते सोडू का?’

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्ही स्वतःसाठी आणि मुलासाठी लिहिलंय, पण ते वाचून मला आधी काळजी वाटली ती तुमच्या बाबांची. म्हणून तुमचे प्रश्न थोडे मागे ठेवते.

बाबा उभ्या उंचीवरून पडले आणि खुबा मोडला. निरोगी हाड एवढ्याशा पडण्यानं सहसा मोडत नाही. ऑपरेशननं मोडलेला भाग सांधला, हाड कमकुवत का झालं ते तिथंच राहिलं. कॅल्शियमच्या गोळ्या हा त्यावरचा पूर्ण उपचार नाही. एकदा खुबा मोडला की पुढची एक-दोन वर्षं दुसरं हाड मोडण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो, आणि तुमचे बाबा नेमके त्याच काळात आहेत. खुबा मोडल्यानंतरच्या वर्षभरात मृत्यूचं प्रमाण पुरुषांमध्ये बायकांपेक्षा जास्त आढळतं. घाबरवायला हे सांगत नाही. यावर औषधं आहेत, आणि ती सुरू करायला अजून उशीर झालेला नाही, म्हणून सांगते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याचं ऑपरेशन झालेल्या २,१२७ रुग्णांना घेतलं होतं. त्यांतल्या निम्म्यांना झोलेड्रॉनिक ॲसिडचं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं, इंजेक्शन दिलं. त्या गटात नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले. त्यात पुरुषही होते. बाबांना हेच औषध योग्य ठरेल की आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, की आणखी काही, हे त्यांची किडनी, ड जीवनसत्त्व आणि दात तपासून डॉक्टर ठरवतील. ‘हाडाचं औषध कधी सुरू करायचं?’ हा प्रश्न मात्र तुम्हीच जाऊन विचारायला हवा. हाड सांधणारे डॉक्टर समजतात की पुढचं फिजिशियन बघतील, फिजिशियनना वाटतं की ते काम हाडांच्या डॉक्टरांनी केलं असेल, आणि यात रुग्ण कॅल्शियमवरच राहतो. असं फार घरांत घडतं.

आता त्या हिमोग्लोबिनकडे येते. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. वर्षानुवर्षं लोह घेऊनही पुरुषाचं हिमोग्लोबिन नऊवर राहतं आणि पुढे खुबाही मोडतो, हे दोन्ही एकत्र बघायला हवं. यामागे सीलिअॅक असू शकतो. या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही शोषलं जात नाही. जुलाब होतीलच असं नाही. कित्येकांत वर्षानुवर्षं फक्त रक्त कमी राहतं आणि हाडं हळूहळू पोकळ होत जातात. आपल्या माळव्यात सकाळ-संध्याकाळ पोळी, पाहुणे आले की गव्हाचेच बाफले, त्यामुळे संशय असेल तर तपासणी टाळू नये. ‘टीटीजी-आयजीए’ आणि सोबत एकूण आयजीए, अशी रक्ताची साधी तपासणी आहे. एक पथ्य मात्र पाळा: तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. बंद केला तर अहवाल खोटाच ‘नॉर्मल’ येऊ शकतो.

सीलिअॅकच असेल असं मी म्हणत नाही. या वयात पोटातला छुपा रक्तस्राव आहे का हे बघावंच लागतं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या आजारातही रक्त कमी होतं आणि हाडं मोडतात, म्हणून त्यासाठीची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणीही करून घ्यावी. कारण कोणतंही निघो, ते ‘आमच्या घराण्याची हाडं कच्ची’ या वाक्याखाली झाकलं जायला नको.

आणि इथेच काकूंच्या म्हणीचा प्रश्न येतो. तुमच्या घरातल्या तीन माणसांची हाडं मोडली किंवा वाकली, हे खरं. पण तिघांची कारणं एक आहेत का, ते बघू.

काकांपासून सुरुवात करते. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेतलेल्या माणसाचे मणके दबणं हा त्या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. दम्यासाठी ते औषध त्यांना घ्यावं लागलं असेल, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून तुमच्या जनुकांबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

आजोबांचा खुबा ८६व्या वर्षी मोडला. याबद्दल स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासाचे आकडे सांगण्यासारखे आहेत. एकाच बीजातून झालेली जुळी आणि वेगवेगळ्या बीजांतून झालेली जुळी यांची तुलना केली की एखाद्या गोष्टीत वारशाचा वाटा किती ते काढता येतं. २००५ साली आलेल्या या अभ्यासात तीस हजारांहून जास्त जुळी होती. वयाच्या ६९ वर्षांच्या आत खुबा मोडण्यात वारशाचा वाटा सुमारे ६८ टक्के निघाला, ६९ ते ७९ या वयात ४७ टक्के, आणि त्यानंतर फक्त ३ टक्के. ऐंशीच्या पुढे नजर, तोल, स्नायू, झोपेच्या गोळ्या, अंधारातला उंबरा या गोष्टी जनुकांवर मात करतात. म्हणजे आजोबांचं फ्रॅक्चर तुमच्या हिशेबातून जवळजवळ वजा करता येतं.

राहिले बाबा. ६७व्या वर्षी मोडलेला खुबा मात्र हिशेबात धरावाच लागतो. हे टक्के लोकसमूहाचे असतात. बाबांच्या हाडातला ६८ टक्के दोष जनुकांचा, असा त्याचा अर्थ लावू नका. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती वारशानं आला, एवढंच ते सांगतात. तरी आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल तर मुलामुलींचा खुबा मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं २००४ साली सात अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं आहे, आणि हा धोका हाडांची घनता लक्षात घेतल्यावरही बराचसा टिकून राहतो. म्हणजे वारसा फक्त घनतेतून येत नाही. खुब्याच्या हाडाचा आकार, त्या हाडाच्या मानेची (वरच्या अरुंद भागाची) लांबी, स्नायूंची ताकद, पडण्याची प्रवृत्ती, हे सगळं त्यात येतं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. पन्नाशीनंतर जगभरात दर पाच पुरुषांपैकी एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. बायकांमध्ये दर तिघींत एकीचं. प्रमाण कमी आहे, पण हा बायकांचा आजार म्हणून पुरुषांनी दुर्लक्ष करावं इतकं कमी नाही. तरुण वयात पुरुषाची हाडं बायकांपेक्षा मोठी आणि रुंद असतात, आणि रजोनिवृत्तीसारखी एकदम घसरण पुरुषांत येत नाही, म्हणून धोका काही वर्षं उशिरा दिसतो. त्यामुळे पुरुषाची तपासणी कुणी करत नाही आणि निदान थेट खुबा मोडल्यावरच होतं. तुमच्या घरी तेच झालं.

पुरुषांच्या हाडांबद्दलची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ती कळली ती जनुकांच्याच अभ्यासातून. १९९४ साली २८ वर्षांच्या एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटीमीटर, आणि त्या वयातही तो वाढतच होता. पुरुषी हार्मोन त्याच्यात व्यवस्थित होतं, तरी हाडं ठिसूळ. बिघाड होता इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरच्या, म्हणजे त्याचा संदेश पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात. म्हणजे ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो त्याची पुरुषाच्या हाडांनाही नितांत गरज असते. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अॅरोमेटेज नावाच्या एन्झाइममुळे इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकात थोडाफार फरक असलेल्या पुरुषांत इस्ट्रोजेन कमी आणि हाडांची घनताही कमी आढळते. २०१८ साली पुरुषांवरच्या अभ्यासात हे पुन्हा दिसलं. म्हणून पुरुषाचं हाड विनाकारण मोडलं की सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासावं. ते जनुकाच्या तपासणीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण कमी निघालं तर काही करता येतं.

पंधरा हजारांच्या तपासणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता करू नका.

हाडांवर परिणाम करणारं जनुक एक नसतं. २०१९ साली ब्रिटनमधल्या सव्वाचार लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात हाडांच्या घनतेशी जोडलेल्या जनुकीय जागा ५१८ निघाल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही घनतेतल्या फरकाचा साधारण पाचवा हिस्साच समजला. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ. शिवाय असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. त्यांवरून काढलेला ‘जोखीम गुणांक’ इंदूरच्या मराठी माणसाला कितपत लागू पडेल, याची खात्री कुठलीही कंपनी तुम्हाला देऊ शकत नाही. आणि समजा अहवालात ‘धोका जास्त’ असं आलं, तर डॉक्टर सांगणार काय? डेक्सा करा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी. ‘धोका कमी’ आलं तरी तुमचं मनगट मोडलंय, म्हणून डेक्साच करा. मग आधीच डेक्सा का करू नये? तिला पैसेही बरेच कमी पडतात.

जनुकीय तपासणी जिथे खरोखर हवी असते, त्या घरांची लक्षणं वेगळी असतात. लहानपणापासून वारंवार हाडं मोडणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला निळसर झाक, तरुणपणीच ऐकू कमी येणं, दात ठिसूळ असणं. ही ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या आजाराची लक्षणं आहेत, आणि त्याची सौम्य रूपं मोठेपणापर्यंत लक्षात न येता राहू शकतात. आणखी एक आहे ‘पीएलएस३’ हे एक्स गुणसूत्रावरचं जनुक, २०१३ साली सापडलेलं. त्यातल्या दोषानं पुरुषांची हाडं लहान वयातच मोडू लागतात, कारण पुरुषाकडे एक्स एकच असतो, भरपाईला दुसरा नसतो. पण तो एक्स मुलाला आईकडून मिळतो. वडील मुलाला वाय देतात. त्यामुळे बाबांकडून हा दोष तुमच्यात आला असण्याची शक्यताच नाही. बाबांची, तुमची आणि मुलाची लहानपणची फ्रॅक्चर आठवून बघा. वरच्यापैकी काही जुळत असेल तर वैद्यकीय अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञाकडे जा आणि त्यांच्या सल्ल्यानं नेमकी तपासणी करा. जुळत नसेल तर हा विषय बाजूला ठेवा.

आता तुमच्याबद्दल. मनगटाच्या बाबतीत मी घरच्यांशी सहमत नाही. गेरमध्ये गर्दीनं तुडवलं असतं, गाडीनं उडवलं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतःच लिहिलंय की पाय घसरून पडलात. हात टेकून उभ्या उंचीवरून पडल्यावर ४३व्या वर्षी मनगट मोडणं, आणि वडिलांचा साठीतच खुबा मोडणं, ही दोन्ही कारणं एकत्र आली की तपासणी आत्ताच करावी. पन्नाशीची वाट बघू नका.

फ्रॅक्स नावाची एक गणनपद्धत आहे. चाळीस ते नव्वद वयोगटासाठी, पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता ती काढून देते, आणि भारतासाठीचे आकडे तिच्यात आहेत. घरच्यांबद्दल तिच्यात आई-वडिलांचा खुबा मोडला होता का एवढंच विचारतात. आजोबा आणि काका विचारत नाहीत. तुमचं स्वतःचं हाड आधी मोडलं होतं का आणि आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, या दोन्ही प्रश्नांवर तुमचं उत्तर ‘हो’ येईल. ते घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कमरेची व खुब्याची डेक्सा करून घ्या. तुम्ही पन्नाशीच्या आत आहात, म्हणून तरुण माणसाशी तुलना करणाऱ्या टी-स्कोअरऐवजी तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना करणारा झेड-स्कोअर बघायला सांगा. तो उणे दोन किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानानं घनता कमी आहे. सोबत रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, टेस्टोस्टेरॉन आणि टीटीजी. बाबांना सीलिअॅक निघाला तर तुमची तपासणी आणखी महत्त्वाची, कारण तो आजार जवळच्या रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो. मग भावंडांनाही कळवा.

एक विनंती. सोसायटीच्या हॉलमध्ये, मंदिराच्या आवारात टाच मशीनमध्ये ठेवून हाडं मोजायची फुकट शिबिरं होतात. त्या मशीनच्या आकड्यावरून निदान करू नका आणि त्या आकड्यावर औषधंही घेऊ नका. डेक्सा ही वेगळी तपासणी आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असतं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. दूध, दही, ताक, नाचणीची भाकरी, तीळ, पालेभाजी रोज असेल तर गोळीची गरज बहुधा पडत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, पण साठ-साठ हजार युनिटच्या पुड्या मनानं महिनोन्‌महिने घेत राहू नका. तंबाखू, सिगरेट कोणत्याही रूपात घेत असाल तर ती सोडणं हाडांसाठीही तितकंच गरजेचं आहे. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

मुलाला थांबवू नका, हे मी आग्रहानं सांगते. हाडांचा मोठा साठा विशीपर्यंत होतो आणि तो होतो धावण्या-उड्या मारण्यातून. सतराव्या वर्षी त्याला क्रिकेटपासून तोडलं तर ज्या वारशाची तुम्हाला भीती वाटते त्याला आपण हातभारच लावू. त्याची डेक्सा करायची गरज नाही, लहानपणी फारसं काही मोडलेलं नसेल तर. आणि त्याच्यासमोर ‘आपल्या घराण्यात हाडं कच्ची’ हे वाक्य बोलणं बंद करा. मुलं असली वाक्यं मनात धरून बसतात आणि मग मैदानावर जायला कचरतात.

तुमच्या जिमबद्दलही तेच. वजनं उचलणं हाडांना हवंच असतं. डेक्सा येईपर्यंत एवढंच करा: कंबर वाकवून जमिनीवरून जड वजन झटक्यानं उचलू नका, आणि पाठीत अचानक नवं दुखणं आलं तर थांबा व मणक्याचा बाजूचा एक्स-रे काढा. बाबांचाही हा एक्स-रे काढून घ्या. मणक्यांची बरीच फ्रॅक्चर न दुखता होतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त उंची कमी झाली असेल तर मणका दबल्याचा संशय घ्यावा. बाबांची जुनी उंची पेन्शनच्या किंवा नोकरीच्या कागदांत सापडेल, ती आजच्या उंचीशी ताडून बघा आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही आकडे लिहून न्या.